जगभरातल्या मधमाश्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठीत या कीटकाच्या नावातच ‘मध’ आहे, आणि निम्मे प्रश्न तिथूनच उगवतात. मध, पोळं, राणी, हजारो कामकरी माश्या, नांगी. मधमाशी म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे उभं राहतं ते सगळं खरं आहे, पण फार थोड्या प्रजातींपुरतं. बाकीच्या बहुतेक मधमाश्या मध साठवत नाहीत, पोळं बांधत नाहीत आणि त्यांच्यात राणीही नसते. खालची उत्तरं मुख्यतः या बाकीच्यांसाठी लिहिली आहेत, कारण त्यांच्याबद्दल कुणी सहसा बोलत नाही.

घोळ होऊ नये म्हणून एक सोय केली आहे. ‘मधमाशी’ म्हणजे इथे पूर्ण गट. त्यातल्या मेणाचं पोळं बांधणाऱ्या मोजक्या प्रजातींना ‘पोळ्याच्या मधमाश्या’ म्हटलं आहे.

जगात मधमाश्यांच्या एकूण किती प्रजाती आहेत?

वर्णन होऊन नाव मिळालेल्या २०,०००हून अधिक. जगातले सगळे पक्षी सुमारे ११,००० प्रजातींचे आणि सगळे सस्तन प्राणी सुमारे ६,५०० प्रजातींचे. या दोघांची बेरीज केली तरी मधमाश्याच जास्त भरतात. दरवर्षी नव्या प्रजातींची भर पडतेच आहे.

त्यांची सात कुळं मानली जातात. सगळ्यात मोठं कूळ एपिडी: पोळ्याच्या मधमाश्या, बंबलबी (दाट केसांच्या गुबगुबीत माश्या), लाकूड पोखरणारे भुंगे आणि नांगी नसलेल्या माश्या सगळ्या यातच येतात. सगळ्यात छोटं स्टेनोट्रिटिडी, ज्यात जेमतेम वीस-एकवीस प्रजाती आहेत आणि त्या ऑस्ट्रेलियाबाहेर कुठेच सापडत नाहीत. हॅलिक्टिडी या कुळातल्या लॅसिओग्लोसम नावाच्या एकाच गटात १,८००च्या आसपास प्रजाती आहेत. या माश्या इतक्या लहान आणि काळपट असतात, की फुलावर दिसल्या तरी लोक त्यांना चिलट समजून पुढे जातात.

मग पोळ्याच्या मधमाश्या किती?

वर्गीकरण कुणाचं धरता यावर अवलंबून, आठ ते अकरा. वीस हजारांतल्या एवढ्याच.

उंच झाडांवर आणि कड्यांवर उघडं मोहोळ लावणारी आग्या, पोकळीत एकाशेजारी एक अनेक पोळी बांधणारी सातेरी, झुडपाच्या फांदीवर तळहाताएवढं पोळं लावणारी फुलोरी या ओळखीच्या. हिमालयाच्या कड्यांवर राहणारी लॅबोरिओसा ही या सगळ्यांत मोठी, जवळपास ३ सेंटिमीटर लांबीची. बोर्निओच्या बाजूला सापडणारी कोश्चेव्हनिकोव्ही लालसर रंगाची असते. एक मेलिफेरा सोडली, तर या सगळ्या मूळच्या आशियातल्या आहेत.

मेलिफेरा मूळची युरोप, आफ्रिका आणि पश्चिम आशियातली. आज ती जगभर दिसते ती माणसानं नेली म्हणून. उत्तर अमेरिकेत ती सतराव्या शतकात जहाजांतून पोहोचली आणि ऑस्ट्रेलियात १८२२मध्ये. त्याआधी या दोन्ही खंडांवर पोळ्याची मधमाशी नव्हती. पण फुलं होती, फळं होती आणि हजारो प्रजातींच्या दुसऱ्या मधमाश्या होत्या.

इतक्या जवळच्या बहिणींमध्येही केवढा फरक पडतो, त्याचं एक उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. जपानमध्ये मोठी गांधीलमाशी सातेरीच्या घरात शिरली, की शेकडो कामकरी माश्या तिला चहूबाजूंनी घेरून गोळा करतात आणि उडण्याचे स्नायू थरथरवत राहतात. गोळ्याच्या आतलं तापमान सुमारे ४६ अंश सेल्सिअसपर्यंत चढतं. ते सातेरीला झेपतं, गांधीलमाशीला झेपत नाही. तिथेच नेऊन ठेवलेल्या युरोपीय मेलिफेराला ही युक्ती साधत नाही, आणि मूठभर गांधीलमाश्या तिची आख्खी वसाहत काही तासांत संपवतात. सातेरी या शत्रूबरोबर लाखो वर्षं राहिली आहे, मेलिफेरा नाही.

बाकीच्या मधमाश्या राहतात कुठे?

बहुतेक जमिनीत, आणि एकट्या.

माती भुसभुशीत किंवा उघडी असेल तिथे एकटी मादी पेन्सिलीच्या जाडीचं, कधी त्याहूनही बारीक बीळ खणते. बिळाच्या शेवटी एक छोटीशी खोली करते. मग फुलांवर खेपा मारून परागकण आणते, त्यात मकरंद कालवून त्याचा गोळा करते, गोळ्यावर एक अंडं घालते आणि खोली बंद करून पुढची खणायला घेते. चार-सहा आठवड्यांत तिचं आयुष्य संपतं. अंड्यातून निघालेली अळी तो गोळा खाऊन वाढते आणि पुढच्या वर्षी, आपापली फुलं फुलण्याच्या सुमारास, बाहेर येते. आईची आणि मुलांची भेट कधीच होत नाही. बीळ कसं खणायचं, कुठल्या फुलावर जायचं हे तिला कुणीही शिकवलेलं नसतं.

मातीत ओल असते आणि ओल म्हणजे बुरशी. त्यावर प्रत्येकीचा तोडगा वेगळा. कोलेटिस गटातल्या माश्या पोटाच्या टोकाजवळच्या ग्रंथीतून पाझरणारा द्राव जिभेनं भिंतीला सारवतात. तो वाळला, की पारदर्शक, पाणी न शिरणारा पापुद्रा तयार होतो, अगदी सेलोफेनसारखा. पानं कापणारी मेगाकाइली पानाच्या कडेचे गोल आणि लांबट तुकडे कातरून नेते आणि द्रोण लावावा तशी खोली लावते. गुलाबाच्या पानांना नीटस अर्धगोल खाचे पडलेले दिसले, तर ते काम हिचं. त्याने झाडाचं काही बिघडत नाही, फवारणी करू नका. अँथिडियमची मादी लव असलेल्या पानांवरचे केस खरवडून त्यांचा कापसासारखा गोळा नेते. तुर्कस्तान आणि इराणमध्ये सापडणारी ऑस्मिया अव्होसेटा फुलांच्या पाकळ्यांचे दोन थर देऊन मध्ये चिखल भरते आणि एकेका अळीसाठी एकेक रंगीत कुपी बनवते. तिचीच युरोपातली बहीण ऑस्मिया बायकलर गोगलगायीच्या रिकाम्या शंखात घर करते आणि मग काड्या आणून त्यावर छप्पर रचते.

लाकडात राहणारे भुंगे तर सगळ्यांना माहीत आहेत. वाळक्या फांदीत किंवा वाशात गोल भोक पाडणारा तो काळा, गुणगुणणारा मोठा भुंगा हीसुद्धा मधमाशीच.

एकटी राहणारी आणि वसाहतीत राहणारी, अशा दोनच तऱ्हा आहेत का?

नाही. मधल्या पायऱ्या भरपूर आहेत. काही माद्या एकाच दाराने ये-जा करतात, पण आत प्रत्येकीची चूल वेगळी. काही ठिकाणी आई आणि तिच्या दोन-चार मुली एवढाच संसार. हॅलिक्टस रुबिकंडस ही प्रजाती उबदार प्रदेशात, जिथे हंगाम लांबतो, तिथे छोटी वसाहत करते आणि थंड प्रदेशात एकटी राहते. जात तीच, हवामान वेगळं.

सगळ्या मधमाश्या चावतात का?

नराला नांगीच नसते, कुठल्याच प्रजातीत. नांगी हा मूळचा अंडी घालण्याचा अवयव, त्यामुळे ती फक्त मादीकडे. एकट्या राहणाऱ्या माद्यांकडे नांगी असली तरी राखायला साठा नसतो, वसाहत नसते. मुठीत दाबल्याशिवाय किंवा कपड्यात अडकल्याशिवाय त्या सहसा डंख मारत नाहीत. नांगी शरीरात रुतून राहते आणि माशी मरते, हे घडतं ते पोळ्याच्या मधमाश्यांच्या कामकऱ्यांच्या बाबतीत. बंबलबी पुन्हा पुन्हा डंख मारू शकते.

उष्ण कटिबंधातल्या सुमारे ५०० प्रजातींच्या नांगी नसलेल्या माश्या (आपल्याकडची कोती त्यातलीच) चावे घेतात, केसांत शिरतात, राळ चिकटवतात. अमेरिका खंडातल्या ऑक्सिट्रायगोना तर जबड्याजवळच्या ग्रंथीतून फॉर्मिक ॲसिड सोडतात. त्वचा भाजल्यासारखी होते.

गांधीलमाशी, मधमाशी आणि फुलांवर घिरट्या घालणारी पट्ट्यांची माशी यांत फरक कसा ओळखायचा?

पट्ट्यांची घिरट्या घालणारी माशी ही खरं तर घरमाशीच्या गोतावळ्यातली. पंख दोनच, मिश्या अगदी आखूड, डोळे जवळपास अख्खं डोकं व्यापणारे. मधमाशीला पंख चार.

गांधीलमाशीचं नातं मात्र जवळचं आहे. दहा कोटी वर्षांहूनही आधी, किडे मारून पिलांना भरवणाऱ्या गांधीलमाश्यांच्या एका शाखेने मांस सोडलं आणि परागकण धरले. त्या शाखेचे वंशज म्हणजे मधमाश्या. म्हणून ओळखायची खूण आहाराशी जोडलेली आहे: मधमाशीच्या अंगावरचे केस भिंगाखाली पिसासारखे फाटे फुटलेले दिसतात आणि त्यात पराग अडकतात. गांधीलमाशी तुलनेनं गुळगुळीत असते.

अपवादही आहे. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या नांगी नसलेल्या माश्यांपैकी तीन प्रजाती पुन्हा मांसाकडे वळल्या. त्या मेलेल्या प्राण्यांचं मांस नेतात, फुलांचे पराग गोळाच करत नाहीत. डेव्हिड रूबिक यांनी १९८२मध्ये पनामातून हे प्रथम नोंदवलं.

सगळ्यात मोठी मधमाशी कोणती आणि सगळ्यात लहान?

मोठी: मेगाकाइली प्लूटो, इंडोनेशियाच्या उत्तर मोलुक्का बेटांवरची. मादी जवळपास ४ सेंटिमीटर लांब, पंख पसरले तर ६ सेंटिमीटरच्या वर, आणि जबडे मोठे, पुढे आलेले. आल्फ्रेड रसेल वॉलेस यांना ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात बाचान बेटावर मिळाली. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षं ती कुणाला दिसली नाही. १९८१मध्ये ॲडम मेसर या अमेरिकी कीटकशास्त्रज्ञाला ती पुन्हा सापडली, तीही झाडावरच्या वाळवीच्या वारुळात घर करताना. वारुळाच्या आत ती झाडाची राळ आणून आपल्या खोल्या लिंपते, म्हणून वाळवी आत येत नाही. ते मोठे जबडे राळ खरवडायला आणि वाहायला लागतात. जिवंत माशीचा पहिला फोटो मिळाला २०१९मध्ये. इतका मोठा कीटक इतकी वर्षं नजरेआड राहू शकतो, तर दोन मिलिमीटरच्या माश्यांचं काय होत असेल, हा विचार माझी पाठ सोडत नाही.

लहान: पेर्डिटा मिनिमा, अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या वाळवंटात. लांबी सुमारे २ मिलिमीटर.

सगळ्यात जास्त प्रजाती कुठे आहेत? घनदाट पावसाळी जंगलात ना?

बहुतेकांचा अंदाज हाच असतो आणि तो चुकतो. पक्षी, फुलपाखरं, झाडं यांच्या प्रजाती विषुववृत्ताकडे जावं तशा वाढत जातात. मधमाश्या हा नियम पाळत नाहीत. लाखो नोंदी जुळवून २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक नकाशात त्यांची गर्दी विषुववृत्तावर न दिसता त्याच्या दोन्ही बाजूंच्या कोरड्या, मध्यम हवामानाच्या पट्ट्यांत दिसली: भूमध्य समुद्राभोवती, मध्यपूर्वेत आणि मध्य आशियात, अमेरिकेच्या नैर्ऋत्येत, चिलीत, दक्षिण आफ्रिकेत. एकट्या अमेरिकेत सुमारे ४,००० प्रजाती आहेत. तिथल्या ॲरिझोना आणि मेक्सिकोच्या सीमेवरच्या सान बर्नार्डिनो खोऱ्यात अवघ्या १६ चौरस किलोमीटरांत ५००च्या जवळपास प्रजाती मिळाल्या.

याचं कारण वर आलेल्या बिळात आहे. दमट जंगलाची जमीन कायम ओली. परागकणांचा गोळा तिथे बुरशीच्या तावडीतून सुटणं कठीण. शिवाय त्या जंगलातली फुलं बरीचशी उंच शेंड्यावर, आणि तिथे नांगी नसलेल्या आणि पोळ्याच्या माश्यांच्या मोठ्या वसाहतींचा ताबा. कोरड्या प्रदेशात मातीत साठवलेलं अन्न टिकतं. पाऊस पडला, की एकाच वेळी असंख्य रोपं फुलतात आणि प्रत्येक फुलाला धरून एखादी प्रजाती तयार झालेली असते. ज्या वर्षी पाऊस पडत नाही त्या वर्षी काही वाळवंटी प्रजातींच्या अळ्या बाहेर येतच नाहीत. वर्ष, दोन वर्षं, कधी त्याहूनही जास्त, त्या मातीत थांबतात.

वाळवंटाला ओसाड म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. सौरऊर्जेच्या किंवा घरबांधणीच्या प्रकल्पासाठी ‘रिकामी’ जमीन निवडताना ती कुणाच्या घरांनी भरलेली आहे, हे वरून दिसत नाही.

बेटांचा हिशेब वेगळा. हवाई बेटांवर कधीतरी हायलेअस गटातली एक प्रजाती पोहोचली आणि तिच्यापासून ६०हून अधिक प्रजाती झाल्या. तिथल्या मूळच्या मधमाश्या एवढ्याच. अंटार्क्टिकावर एकही नाही.

बर्फाच्या प्रदेशात किंवा रात्री मधमाश्या उडतात का?

दोन्ही. बॉम्बस पोलारिस ही बंबलबी आर्क्टिक वर्तुळाच्या आत राहते. अंगावर दाट लोकर, आणि पंख न हलवता उडण्याचे स्नायू थरथरवून शरीर तापवण्याची सोय. बंबलबीच्या २५०हून अधिक प्रजाती आहेत आणि त्या बहुतेक थंड, डोंगराळ भागांतल्याच.

रात्रीच्या बाबतीत, मध्य अमेरिकेतली मेगालोप्टा संध्याकाळी आणि पहाटेच्या अंधुक उजेडात उडते. आशियातला झायलोकोपा ट्रॅन्क्वेबारिका हा भुंगा चंद्र नसलेल्या रात्रीही उडतो आणि चांदण्यांच्या उजेडात रंग ओळखतो. माणसाला तेवढ्या प्रकाशात रंग दिसत नाहीत.

मध सगळ्याच बनवतात का? आणि मध, पराग सोडून त्या आणखी काय गोळा करतात?

माणसाने काढून घ्यावा एवढा मध पोळ्याच्या आणि नांगी नसलेल्या माश्याच साठवतात. नांगी नसलेल्यांचा मध पोळ्याच्या षट्कोनात नसतो. मेण आणि राळेच्या छोट्या गाडग्यांत असतो. युकातान द्वीपकल्पातले माया लोक मेलिपोना बीचियाय या प्रजातीला पोकळ ओंडक्यांत फार प्राचीन काळापासून पाळत आले आहेत. बंबलबीकडे असतो तो चार दिवसांच्या पावसाची बेगमी म्हणावी एवढाच.

गोळा करण्याच्या वस्तूंची यादी मात्र चकित करणारी आहे. दक्षिण आफ्रिकेतली रेडिव्हिवा फुलांमधलं तेल काढते. डायास्किया नावाच्या फुलाला दोन लांब नळ्या असतात आणि तेल त्यांच्या आतल्या भिंतींवर असतं, म्हणून हिचे पुढचे पाय वाढत गेले. काही प्रजातींत ते शरीराहूनही लांब आहेत. अमेरिका खंडातल्या ऑर्किड माश्यांचे नर सुगंध गोळा करतात. ऑर्किडं, बुरशी, सडकी लाकडं, जिथे वास मिळेल तिथून तो उचलून मागच्या पायांतल्या पोकळीत साठवतात आणि मादीसमोर उधळतात.

दुसऱ्याच्या घरात अंडी घालणाऱ्या मधमाश्या असतात, हे खरं आहे?

हो, कोकिळेसारख्याच, आणि त्या हजारो प्रजातींच्या आहेत. घरमालकीण बाहेर गेली, की आत शिरून अंडं घालतात. त्यांची अळी आधी तिथली अळी मारते आणि मग परागाचा गोळा खाते. पराग वाहायचा नसल्याने या माश्यांच्या अंगावर केस कमी, त्यामुळे त्या गांधीलमाशीसारख्या दिसतात. एखाद्या जागी या दिसल्या तर आनंद माना. त्या टिकून आहेत म्हणजे यजमान माशी भरपूर आहे.

परागीभवनासाठी पाळीव मेलिफेरा पुरेशी नाही का?

नाही. टोमॅटो, वांगी, ब्लूबेरी यांचे पराग परागकोशाच्या बारीक भोकातून मिठाच्या डबीसारखे झटकून काढावे लागतात. बंबलबी, भुंगे आणि इतर अनेक मधमाश्या फुलाला धरून लटकतात आणि ठरावीक सुरात अंग थरथरवतात, तेव्हा पराग भुरभुरतात. मेलिफेराला हे जमत नाही. म्हणूनच १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून हरितगृहातल्या टोमॅटोसाठी बंबलबी मुद्दाम वाढवल्या जातात.

लसूणघास या चाऱ्याच्या पिकाचं फूल दाबलं, की आतला दांडा उसळून माशीच्या डोक्यावर आपटतो. मेलिफेरा एक-दोन फटके खाऊन बाजूने मकरंद चोरायला शिकते, आणि परागीभवन राहून जातं. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातले बियाणं पिकवणारे शेतकरी म्हणून नोमिया मेलँडेरी या खारवट मातीत राहणाऱ्या माशीसाठी शेताशेजारी खास वाफे राखतात. त्यावर नांगर फिरवत नाहीत, ओल सांभाळतात.

जगभरातल्या ४१ पीकपद्धतींचा २०१३मध्ये एकत्र अभ्यास झाला. त्यात पाळीव मधमाश्या कितीही असल्या तरी रानटी परागवाहकांमुळे फळधारणा वाढते, असं दिसलं. एकीची जागा दुसरी भरत नाही.

मधमाश्या खरंच कमी होत आहेत?

‘मधमाश्या’ असा एकच आकडा सांगणं फसवं आहे. पाळीव मेलिफेराच्या पेट्यांची जगातली एकूण संख्या गेल्या काही दशकांत वाढली आहे. रानटी प्रजातींचं चित्र उलटं आहे. जागतिक नोंदींमध्ये १९९०पूर्वीच्या तुलनेत २००६ ते २०१५ या काळात सुमारे २५ टक्के कमी प्रजाती आढळल्या. म्हणजे त्या सगळ्या संपल्या असं नाही, पण इतक्या विरळ झाल्या की दिसेनाशा झाल्या. बॉम्बस ॲफिनिस ही बंबलबी एके काळी अमेरिकेच्या पूर्व भागात सर्रास दिसायची. २०१७मध्ये तिला संकटग्रस्त म्हणून संरक्षण द्यावं लागलं. फ्रँकलिनची बंबलबी २००६नंतर कुणाला दिसलेली नाही.

कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत: मोकळी जमीन आणि रानफुलं जाणं, कीटकनाशकं, बदलतं हवामान, आणि माणसाने केलेली ने-आण. शेवटचं कारण कमी बोललं जातं, म्हणून थोडं सविस्तर. सातेरीच्या अंगावरचा व्हॅरोआ हा परजीवी मेलिफेराच्या संपर्कात आला आणि जगभर पसरला. सातेरी त्याला सोसते, मेलिफेराच्या वसाहती त्याने कोसळतात. पॅटागोनियात बॉम्बस डाह्लबोमियाय ही केशरी, जगातल्या सगळ्यात मोठ्या बंबलबींपैकी एक प्रजाती राहते. १९९०च्या दशकाच्या अखेरीस चिलीत पिकांसाठी युरोपीय बंबलबी आणल्या गेल्या. त्या अँडीज ओलांडून अर्जेंटिनात पसरल्या, त्यांच्याबरोबर रोग गेले, आणि जिथे त्या पोहोचल्या तिथून केशरी राणी नाहीशी होत गेली.

घरी मधपेटी ठेवली तर मधमाश्या वाचवायला मदत होईल का?

मध हवा असेल तर जरूर ठेवा, नीट शिकून ठेवा. पण त्याला संवर्धन म्हणू नका. एका पेटीत भर हंगामात ५०,०००च्या आसपास माश्या असतात आणि त्या त्याच फुलांवर जातात ज्यांवर आसपासच्या एकट्या माद्या अवलंबून असतात. फुलं मर्यादित असतील तर ओढाताण होणारच. त्यापेक्षा वेगवेगळ्या हंगामांत फुलणारी स्थानिक झाडं लावली, वाळक्या पोकळ काड्या आणि जुनी लाकडं राहू दिली, जमिनीचा थोडा भाग फरशीविना, तणनाशकाविना उघडा सोडला, तर कितीतरी जास्त साधतं.

जमिनीत छोटी छोटी बिळं दिसतात आणि वर माश्या फिरतात. काय करावं?

आधी थोडा वेळ उभं राहून बघा. एका बिळात एकच माशी जा-ये करते, तिच्या पायांना पिवळा पराग चिकटलेला आहे, भोकाभोवती मातीचा लहानसा ढीग आहे: असं असेल तर त्या एकट्या राहणाऱ्या माद्या. शेजारी शेजारी शेकडो बिळं असली तरी ती एक वसाहत नाही, ती वस्ती आहे. जमिनीलगत सैरावैरा घिरट्या घालणारे बहुधा नर असतात आणि त्यांना नांगी नसते. एकाच मोठ्या भोकातून माश्यांची सतत रांग लागलेली असेल तर मात्र ती गांधीलमाशी किंवा दुसरी एखादी वसाहत असू शकते. तिथून लांब राहा.

एकट्या माद्यांची बिळं असतील तर पाणी ओतू नका, औषध मारू नका, माती उकरू नका. चार-सहा आठवड्यांत वरची हालचाल थांबते आणि भोकं बुजून जातात. त्यानंतर जागा रिकामी दिसेल. खाली, वीतभर खोलीवर, पुढच्या वर्षीच्या अळ्या परागाचा गोळा खात असतात.